समुद्रकिनारी आप्पांची शिदोरी

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघे गोव्याला निघालो तेव्हा सामानात दोन बॅगा आम्हा नवरा-बायकोच्या होत्या, एक आईची होती आणि बाकी सगळं आप्पांचं खाणं होतं. एका गोणीत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, दशम्या, ठेच्याची बरणी, शेंगदाण्याची चटणी आणि मेथीचे लाडू. दुसरीत पेपरात गुंडाळलेल्या हिरव्यागार केळ्यांच्या फण्या. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे बहादरपूरच्या मळ्यातल्या ट्यूबवेलच्या पाण्याने भरलेली, लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात असते तसली मोठी कॅन. बुरहानपूर स्टेशनवर ती उचलताना हमाल म्हणाला, "बाबूजी, जहाँ जा रहे हो वहाँ पानी नहीं है क्या?"

"पानी तो बहुत है," आप्पा म्हणाले, "पर लड़की का है."

लड़की म्हणजे मी. वय वर्षं सत्तेचाळीस, शाळेत विज्ञान शिकवते, आणि माझ्या बापाने माझ्या घरचा पाण्याचा घोट कधी घेतलेला नव्हता. आमच्या तापीकाठच्या शेतकरी घरांत जुना रिवाज आहे. लेक दिली की तिच्या घरचं अन्नपाणी आईबापाने घ्यायचं नाही, तिला मूल होईपर्यंत. बहुतेक बाप वर्ष-दोन वर्षांत सुटतात. नातवंड झालं की पेढे वाटतात आणि लेकीच्या घरी ताट ओढून बसतात. आम्हाला मूल झालं नाही. त्यामुळे आप्पाही अडकले आणि त्यांच्याबरोबर मीही.

माझं लग्न झालं ते बहादरपूरहून बुरहानपुरात, म्हणजे तसं बघितलं तर उंबऱ्यातच. केळीच्या लिलावाला आप्पांची शहरात सारखी फेरी असायची, आणि प्रत्येक फेरीत ते माझ्याकडे यायचे. ओट्यावर बसायचे, नवऱ्याच्या ऑफिसची चौकशी करायचे, माझ्या कुंड्यांतली माती बोटाने उकरून बघायचे. मग कोपऱ्यावरच्या टपरीवरून चहा मागवायचे. माझ्या दारात बसून, माझं दूध फ्रीजमध्ये असताना, टपरीचा चहा. टपरीवाला ग्लास घेऊन यायचा तेव्हा माझ्याकडे अशा नजरेने बघायचा की मला वाटायचं, हा नक्की समजतोय मी बापाला उपाशी ठेवते.

आईचं तसं नव्हतं. तिने पहिली काही वर्षं नियम पाळला, मग भाजीची चव बघते म्हणत माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून अर्धी कढई संपवायला लागली. नियम बापाचा आहे, आई तर घरातलीच, असं तिचं शास्त्र होतं. आप्पांनी ते कधी विचारलं नाही.

गोव्याचं निघालं ते डॉक्टरांमुळे. थंडीत केळीला जपावं लागतं, रात्री पाणी द्यावं लागतं, बांधावर धूर करावा लागतो, आणि आप्पा सत्तरी उलटून गेली तरी स्वतः बागेत उभे राहतात. छातीत कफ धरला. डॉक्टर म्हणाले, हिवाळ्यात काही दिवस यांना कुठेतरी उबदार हवेत न्या, नाहीतर हे ऐकणार नाहीत. माझ्या शाळेला नाताळची सुट्टी होती. नवऱ्याला रिसॉर्टच्या जाहिराती बघायचा नाद आहे, त्याने तासाभरात दक्षिण गोव्यात समुद्रालगतच्या दोन खोल्या ठरवून टाकल्या, नाश्ता-जेवणासकट. आईला समुद्र बघायचाच होता. बागेची जबाबदारी धाकट्या काकांनी घेतली. आप्पांना कारणच उरलं नाही.

त्यांनी एकच अट घातली, की त्यांचा खर्च ते करतील. मी नाही म्हटलं. मी बापासारखीच हट्टी आहे, आणि मला नेमकं हेच हवं होतं की एकदा तरी त्यांनी माझं खावं. रिसॉर्ट म्हणजे काही लेकीचं घर नाही, असा मी वाद घातला. आप्पांनी शांतपणे विचारलं, "खोली कोणाच्या नावावर हाये?"

"माझ्या."

"मंग?"

आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरी भाकरी थापायला सुरुवात झाली.

रिसॉर्टवर पोचलो तेव्हा दारातच एका मुलीने आमच्या गळ्यात शंखांच्या माळा घातल्या आणि शहाळी पुढे केली. आप्पांनी माळ घालून घेतली, शहाळं परत दिलं. आईने ते वरच्या वर उचललं आणि दोन्ही शहाळी मिटक्या मारत संपवली. प्रवासाने थकलेली ती बाई एकदम ताजी दिसायला लागली.

खोली बघून आप्पा खूश झाले, हे मला कबूल करावं लागेल. त्यांनी पलंगाची गादी दाबून बघितली, नळ उघडून बघितले, बाल्कनीतून माडांची रांग बघितली आणि दोन माडांमधलं अंतर बरोबर आहे असं प्रमाणपत्र दिलं. मग कपाट उघडून हँगरच्या दांडीला सुतळीने केळ्यांच्या फण्या टांगल्या. माझ्या नवऱ्याचे शर्ट खुर्चीवर आले. जेवणघरात बाहेरचे पदार्थ चालणार नाहीत अशी पाटी होती, म्हणून जेवणाच्या वेळी आप्पा बाल्कनीत बसायचे, भाकरी मोडायचे, कॅनमधलं पाणी तांब्यात घ्यायचे. आम्ही तिघे खाली जेवायचो. मी मान वर केली की मला त्यांची पांढरी टोपी दिसायची.

पण दिवस फार छान गेले. ते नाकारण्यात अर्थ नाही. बुरहानपुरात त्या वेळी लोक शेकोटीभोवती कानटोप्या घालून बसलेले, आणि आम्ही अनवाणी, ऊन अंगावर घेत. आप्पांचा खोकला दोन दिवसांत गेला. ते बुरहानपूरच्या राजघाटावर तापीत पोहून मोठे झालेले, म्हणून समुद्राला काही जुमानायचं नाही असं ठरवून उतरले. पहिल्या लाटेने त्यांना बसवलं, दुसरीने धोतर गुडघ्यांभोवती गुंडाळलं. वर आले ते खारट पाणी थुंकत. "नदी समोरून येते, हे तर खालून पाय ओढू राहिलं," ते म्हणाले, आणि पुन्हा उतरले. आई काठावर लुगड्याचा ओचा धरून उभी होती, प्रत्येक लाटेला मागे पळायची आणि लाट गेली की पुन्हा पुढे यायची. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं मोकळं हसताना मी तिला बहादरपूरच्या घरात बघितलेलं नाही, तिथे सतत कोणीतरी जेवायचं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी कपाट उघडलं आणि नुसतेच उभे राहिले. आमच्याकडच्या डिसेंबरात हिरवी केळी सावकाश पिकतात, रोज एखादी फणी तयार होते. आप्पांनी त्याच हिशोबाने आणलेली. पण त्या दमट हवेत, बंद कपाटात, सगळ्या फण्या एकदम पिवळ्याधमक झाल्या होत्या. खोलीभर वास. आयुष्यभर केळी पिकवणाऱ्या माणसाला कपाटातल्या केळ्यांनी फसवलं, आणि माझा नवरा इतका हसला की त्याला बाहेर जावं लागलं. त्यात भाकरींची गोणी उघडली तर तिथेही समुद्राच्या हवेने आपलं काम केलेलं. घरी हिवाळ्यात भाकरी वाळून कडक होते, पण बिघडत नाही. इथे प्रत्येक भाकरीवर बुरशीची बारीक लव आली होती. दशम्याही तशाच. लाडू आईने गाडीतच वाटून टाकले होते.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. मला वाटलं, आता काय करतील, आता खाली येतीलच.

आप्पांनी केळी उतरवली, टॉवेलमध्ये बांधली आणि किनाऱ्यावर निघाले. खुर्च्यांवर पहुडलेल्या लोकांना ते केळी वाटत सुटले. लालबुंद झालेल्या गोऱ्या जोडप्याला, वाळूत किल्ला करणाऱ्या मुलांना, माळ्यांना, पोहण्याच्या तलावाशी शिट्टी घेऊन बसलेल्या पोराला. "खाओ, खाओ, बुरहानपुर का है." धोतर, टोपी, गळ्यात शंखांची माळ आणि काखेत केळी. दोन-तीन जणांनी त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतले. तो गोरा माणूस हात जोडून थँक्यू म्हणाला तर आप्पांनी त्याला आणखी दोन दिली. मी लांबून बघत होते आणि मला त्यांचा इतका अभिमान वाटत होता की भांडण विसरायला झालं.

या वाटपात त्यांची एका सुरतेच्या जोडप्याशी ओळख झाली. आप्पांच्याच वयाचे दोघे, मुलगा परदेशात, दर हिवाळ्यात समुद्रावर येणारे. सुरतेचं नाव ऐकून आप्पा वाळूत बसलेच.

"तापी हमारे यहाँ आके समंदर में मिलती है," ते काका म्हणाले.

"हमारे यहाँ से ही तो जाती है," आप्पा म्हणाले. "मतलब हमारा पिया हुआ पानी तुम पीते हो."

यावर दोघे म्हातारे जे हसले ते थांबेनात. दिवसभर एकत्र फिरले. संध्याकाळी आप्पांनी नुसती केळी खाल्ली आणि लवकर झोपले.

दुसऱ्या दिवशी आम्ही नाश्त्याला खाली गेलो तर आप्पा जेवणघरात होते. मला क्षणभर खरं वाटेना. ते खिडकीजवळच्या टेबलावर त्या सुरतेच्या जोडप्याबरोबर बसले होते. समोर ताटली, ताटलीत इडल्या, उपमा, पपईच्या फोडी आणि शेजारी चहा. मन लावून खात होते. आम्हाला बघून त्यांनी हात हलवला, या या, इडली चांगली आहे, असा.

आई म्हणाली, "चला, खाल्लं तर त्यांनी." नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी आमच्या टेबलावर बसले. त्याच पातेल्यातली इडली माझ्या ताटलीत होती. त्याच नळाचं पाणी होतं. फक्त बोलावणं दुसऱ्याचं होतं. परक्यांनी एकदा हात धरून बसवलं आणि ते बसले, आणि मी लग्नापासून ताट वाढून उभी आहे. मी उठले आणि तडक किनाऱ्यावर गेले.

थोड्या वेळाने आप्पा मागोमाग आले. चहाचा घोट अर्धवट टाकून आले असावेत, मिशीला साय होती.

"तुले राग आला का व?"

"त्यांची इडली आणि माझी इडली एकाच भांड्यातली होती, आप्पा."

"ते मले ठाऊक हाये. पण त्यांनी बोलावलं."

"आणि मी काय करतेय इतकी वर्षं?"

त्यांनी हाताने मिशी पुसली. मग मी बोलायला लागले आणि मला थांबता आलं नाही. म्हटलं, "तुमचा नियम मूल होईपर्यंतचा आहे ना? मला मूल होणार नाही. माझं वय बघा. म्हणजे तुम्ही माझ्या घरचं पाणी न पिताच जाणार, आणि लोकांच्या टेबलावर बसून इडल्या खाणार. माझ्यात काय कमी आहे ते तुम्ही दर फेरीला टपरीचा चहा मागवून गल्लीला सांगता." हे शेवटचं वाक्य मी कधीच बोलले नव्हते. ते माझ्या आत होतं हेही मला धड माहीत नव्हतं.

आप्पा वाळूत बसले.

"तुले वाटते मी नियमासाठी करतो," ते म्हणाले. "पहिले एक-दोन साल नियम होता. मंग तू दवाखान्याच्या चकरा मारू लागली. इंदूर, नागपूर. तुह्या आईनं नवस बोलले. त्या टायमाले मी तुह्या घरी जेवलो असतो तर तुले काय वाटलं असतं? का बापानं आशा सोडली. म्हणून नाई जेवलो. दर साल म्हणलं, यंदा होईन. यंदा नाई तं पुढच्या साली. असे करता करता साल निघून गेले. आता कोणत्या दिवशी जेवू, सांग. ज्या दिवशी तुह्या घरी घास घेईन त्या दिवशी तुले समजन का आता बाप बी नाई म्हणते."

इतकी वर्षं मी त्या टपरीच्या ग्लासात माझी कमतरता बघत होते, आणि हा माणूस त्यात माझ्यासाठी आशा धरून बसला होता. उपास करतात तसा. आणि मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. आमच्या घरात केळीवरच्या रोगांबद्दल तासन्‌तास बोलतात, पण असलं काही कोणी बोलत नाही.

मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "आप्पा, आम्ही दोघांनी ती आशा केव्हाच सोडली. रडून झालं, भांडून झालं, मग एक दिवस पुरे म्हटलं. त्यानंतर आम्ही सुखात आहोत. खरंच सुखात. तुम्ही एकटेच थांबलात."

"खरं सांगू राहिली?"

"खरं."

"मंग मले सांगायचं ना व," आप्पा म्हणाले, आणि टोपी काढून टोपीनेच डोळे पुसले. "मी खाली-पिली टपरीवाल्याचा कडू चहा पेत होतो." पुढची लाट आमच्या मांड्यांपर्यंत आली, आम्ही दोघेही भिजलो आणि दोघांनाही हसू आलं. मी हात धरून त्यांना उठवलं आणि म्हटलं, चला, आता माझ्याबरोबर नाश्ता करा.

"करतो, पण इथलं मोजायचं नाई," ते म्हणाले. "तुह्यं पहिलं जेवण असं हॉटेलात नाई करायचं. ते घरी. हे काय तुह्यं घर हाये का?"

बुरहानपुरात मी घसा फोडून जो मुद्दा मांडला होता, तोच आता ते मला शिकवत होते. पण एकदा रिसॉर्ट हे लेकीचं घर नाही असं त्यांनी स्वतः ठरवल्यावर त्यांना कोणी अडवू शकलं नाही. उरलेले दोन दिवस आप्पा आमच्या टेबलावर बसून असे जेवले की वाढणारी पोरं त्यांना ओळखायला लागली. सोलकढीला ते गुलाबी ताक म्हणायचे आणि तीन-तीन वाट्या प्यायचे. आचाऱ्याला बोलावून त्यांनी वांगं कसं भाजायचं ते हिंदीत समजावलं, तो बंगाली होता, त्याने मान डोलावली आणि दुपारी खरोखरच भरीत करून आणलं. फारसं जमलं नव्हतं, पण आप्पांनी दोनदा घेतलं. सुरतेचं जोडपंही आमच्याकडे सरकलं. आईने शेवटच्या संध्याकाळी ओचा सोडून दिला आणि कमरेइतक्या पाण्यात आप्पांचा हात धरून उभी राहिली. माझ्या नवऱ्याने फोटो काढला आहे. दोघांचेही डोळे मिटलेले आहेत आणि लाट डोक्यावरून येते आहे.

परत आलो तेव्हा बुरहानपुरात कडाक्याची थंडी होती. स्टेशनवरून केलेली गाडी आधी आमच्या घरापाशी थांबली. आईला वाटलं, आता हे दोघे उतरतील आणि आपण बहादरपूरला पुढे जाऊ. आप्पा आधी उतरले, चपला ओट्याखाली काढल्या आणि सरळ आत गेले. ओट्यावर थांबले नाहीत. मी मागून गेले तर ते खुर्चीवर बसले होते, टोपी टेबलावर काढून ठेवलेली.

घरात काही नव्हतं. दूध नाही, भाजी नाही, आठवडाभर बंद असलेलं घर. लग्न झाल्यापासून मी मनात किती वेळा हे ताट वाढलं होतं, पुरणाची पोळी, कटाची आमटी, भजी, सगळं. शेवटी मी डाळ-तांदळाची खिचडी टाकली. पाणी जास्त झालं. आप्पांनी आधी ग्लासभर पाणी मागितलं, ते उभ्यानेच मी दिलं, त्यांनी एका दमात पिऊन ग्लास पुन्हा पुढे केला. मग खिचडी खाल्ली. मी शेगडीकडे तोंड करून उभी होते, कारण मला रडू येत होतं आणि मला ते दाखवायचं नव्हतं.

आता ते लिलावाच्या प्रत्येक फेरीला जेवायला येतात. फोन करत नाहीत. भाजीत तेल कमी आहे, पोळी जाड आहे, अशी कुरकुर करतात, आणि मीही ऐकून घेत नाही. परवा जेवता जेवता गूळ मागितला. मी पोळ्या लाटत होते, म्हटलं, उठा आणि घ्या, हात काय मोडलेत? ते उठले. फळीपाशी जाऊन त्यांनी एक डबा उघडला, त्यात तूरडाळ होती. दुसऱ्यात रवा. माझ्या स्वयंपाकघरातलं कुठे काय असतं, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. एकेक झाकण काढून ते विचारत राहिले, यात काय हाये, अन्‌ यात काय हाये, आणि मी पोळी तव्यावर तशीच ठेवून त्यांच्या शेजारी उभी राहून सांगत गेले.